कड्यावरची भित्री ॲडा

मित्रांनो, जे लपणार नाही ते आधीच सांगून टाकते. मी भित्री आहे. मला उंचीची भीती वाटते, आणि माझं सगळं आयुष्य गेलं ते एका उभ्या कड्यावर खाली-वर करण्यात. भोग म्हणतात ते यालाच.

मी एक जुनी गाडी आहे. मला इंजिन नाही, घोडा नाही, बैल नाही. स्केलविकच्या कड्याला रुळांच्या दोन जोड्या टेकवलेल्या आहेत, भिंतीला दोन शिड्या लावाव्यात तशा. एका जोडीवर मी, ॲडा. दुसरीवर माझी जुळी बहीण, फ्लोरा. आम्ही घडलो तेव्हा नगराध्यक्षांना दोन मुली होत्या, त्यांची नावं आम्हाला दिली. खऱ्या ॲडाबाई माझ्यात एकदाही बसल्या नाहीत म्हणे. मी त्यांना दोष देत नाही.

आमचं गाडं चालतं ते पाण्यावर. कड्याच्या माथ्यावर एक भलंमोठं चाक आहे. त्यावरून एकच पोलादी दोर गेलाय. त्याच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला फ्लोरा. आमच्या पोटाखाली टाक्या आहेत. जी गाडी वर असेल तिच्या टाकीत झऱ्याचं पाणी भरतात. ती जड झाली की खाली येते आणि खालचीला वर ओढते. खाली पोचली की पाणी सोडून द्यायचं, आणि मग दुसरीची पाळी. एवढंच. दिसायला फार सोपं आहे, आणि सोप्या गोष्टींचीच मला जास्त धास्ती वाटते.

सुतारांनी मला मोठ्या हौसेनं घडवलं होतं. ओकचे बाक, पितळी कड्या, खिडक्यांना वरच्या बाजूनं निळ्या-पिवळ्या काचा. पहिल्या दिवशी बँड वाजला, भाषणं झाली, टोप्या हवेत उडाल्या. लोक माझ्या कड्यांवरून हात फिरवून म्हणत होते, "काय देखणी आहे." मी मात्र खाली बघत होते. एकशे तीस फूट खाली वाळूत माणसं मुंग्यांएवढी दिसत होती, आणि मला धरून ठेवायला तो एक दोर. फ्लोरा वेगळ्या मातीची. ती पहिल्याच फेरीला शीळ घातल्यासारखी गेली. आमची भेट व्हायची ती कड्याच्या मध्यावर, एकमेकींना ओलांडताना, डोळ्याचं पातं लवेपर्यंत. दिवसात चाळीस वेळा भेट, आणि एकदाही थांबून बोलणं नाही.

आमच्याकडे पाहुणे यायचे ते लोकरीच्या गिरण्यांच्या गावांतून. उन्हाळ्यात एकेका गावाच्या सगळ्या गिरण्या आठवडाभर बंद राहायच्या, आणि अख्खं गाव पेट्या उचलून समुद्राला यायचं. शेजारी-पाजारी, मुकादम, दुकानदार, सगळे तिथून उठून इथे. मौज सगळी खाली. वाळूत गाढवांची रपेट, कापडी खुर्च्या, बाहुल्यांचा खेळ, समुद्रात गेलेल्या लांब धक्क्यावर बँड आणि नाचाचा हॉल, तळ्यात वल्हवायच्या होड्या, व्हिनेगर शिंपडलेले बटाट्याचे चिप्स. राहायच्या जागा सगळ्या वर, कड्यावर. आणि तिथल्या मालकिणी महाकडक. पाच म्हणजे पाच. पाच वाजून पाच मिनिटांनी आलात तर चहा गार आणि हॅमचा तुकडा मांजराला. म्हणून साडेचार वाजले की खालची सगळी दुनिया वर यायला धावायची.

मग लढाई आली. वाळूत काटेरी तारा पसरल्या, शत्रू उतरू नये म्हणून धक्क्याचा मधला भाग मुद्दाम तोडला, आणि आम्हाला कुलूप लागलं. माझ्या बाकांवर कबुतरं राहायला आली. पितळ काळं पडलं, काचा फुटल्या, कुणी ढुंकूनही बघेना. अशा वेळी गाड्यांनी उसासे टाकायचे असतात. पण खरं सांगू? ती पाच वर्षं माझी सुखाची गेली. कबुतरं फार वजनदार नसतात.

लढाई संपली आणि वरच्या चाकावर हॉरेस पिकरिल आला. त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच मी ओळखलं, हा आपल्यातला. उंच, वाकलेला, कायम घसा खाकरणारा माणूस. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचा आणि फडकं घेऊन दोर हातभर-हातभर पुसायचा. एखादी तार सुटली असेल तर फडक्याला अडकते, म्हणून. चाकाला लाकडी ठोकळ्यांचा ब्रेक होता, त्याचा दांडा हॉरेसच्या हातात. त्याच्या आधीचे लोक गाडी सुटली की दांडा सोडून खुशाल चहा प्यायचे. हॉरेसचा हात फेरी संपेपर्यंत दांड्यावरून हलायचा नाही. दर फेरीला माझ्या प्रवाशांना तो तेच ते सांगायचा, "मंडळी, बाकाखाली लाल कडं आहे. त्यानं टाकीचं पाणी सुटतं. गाडी बेकाबू झाली तर ओढायचं, एरवी हात लावायचा नाही."

लोक हसायचे. एकदा एका खाटकानं विचारलं, "काय रे हॉरेस, झोपताना बायकोचा हात धरतोस की ब्रेकचा?"

"ब्रेकचा," हॉरेस म्हणाला. "बायको कुठे घरंगळत नाही."

खाली त्याची धाकटी बहीण एनिड होती. गोल, लालबुंद, बोलण्यात कुणाला हार न जाणारी बाई. वर आणि खाली एकमेकांना दिसत नाही, कारण खालच्या स्टेशनावर पत्र्याचं छप्पर आहे. म्हणून घंटा. खालच्या गाडीत माणसं बसली की एनिड मोजायची आणि दोन माणसांमागे एक टोला द्यायची. तेवढ्या वजनाच्या हिशेबानं हॉरेस वरच्या गाडीत पाणी भरायचा. पाणी भरायला दीड मिनिट लागतं. तेवढ्यात एनिड दार लावायची, पुन्हा मोजायची आणि पुन्हा टोले द्यायची. दोन्ही वेळचे टोले जुळले तरच हॉरेस ब्रेक ढिला करायचा. ही दुसरी घंटा ऐकली की माझ्या जिवात जीव यायचा.

लढाई संपून तेरा वर्षं झाली तेव्हा गावच्या करमणूक खात्यावर लिव्हसी नावाचे नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. हुशार होता, आणि घाईत होता. त्यांनी पाहुण्यांसाठी रंगीत पत्रक छापलं. 'स्केलविकला या, एक क्षणही रिकामा जाणार नाही.' खाली यादी: गाढवं, होड्या, बँड, नाच, जादूचे खेळ, आणि शेवटी मी आणि फ्लोरा. मग ते घड्याळ घेऊन आमच्यापाशी उभे राहिले.

"पिकरिल, ही दुसरी घंटा कशाला?" त्यांनी विचारलं.

"माणसं पुन्हा मोजायला, साहेब."

"पहिल्यांदा चुकीची मोजता का?"

"नाही साहेब."

"मग? दीड मिनिटात माणसं काय उडून जातात? ते दीड मिनिट बहिणीला नाचाची तिकिटं विकू दे. टोले पडले, पाणी भरलं, सोड गाडी. आणि ते लाल कड्याचं पुराण बंद कर. लोक सुट्टीला येतात, मरणाची आठवण ऐकायला नाही."

हॉरेसनं घसा खाकरला. "साहेब, मला भीती वाटते."

"कशाची?" असं लिव्हसीसाहेबांनी विचारलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण ते हसले, त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि निघून गेले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असंच त्यांना वाटलं असणार. दुसऱ्या दिवसापासून दुसरी घंटा बंद झाली. पाणी भरत असतानाचं ते दीड मिनिट आता मुकं जायचं, आणि माझ्या काळजाचं पाणी पाणी व्हायचं. मी गाडी, मी बोलणार काय. मी नुसती करकरायचे. लोक म्हणायचे, हिला तेल घाला.

तो गुरुवार होता. गिरणीवाल्यांच्या आठवड्यातला सगळ्यांत गर्दीचा दिवस, आणि वेळ साडेचारची. मी वर होते. खाली जायला त्या वेळी फारसं कुणी नसतं, तरी नऊ जण बसले. मागाच्या खात्यातल्या सहा पोरी, डोक्यावर कागदी टोप्या, एकमेकींना कोपरानं ढोसत. एक तरुण पाद्री, हातात घडीची खुर्ची. आणि कोपऱ्यात मिजली नवरा-बायको. हॅरल्ड आणि जेसी मिजली अकरा वर्षं न चुकता यायचे. तो पिंजणखात्यात तीस वर्षं काढलेला, छातीत लोकरीचे तंतू भरलेले, चार पावलं चालला की धाप. ती विणकरीण, अजूनही दोन माग सांभाळणारी. बँड ऐकायला कड्याच्या दोनशे चौदा पायऱ्या उतरणं त्याला झेपायचं नाही, म्हणून ते माझ्यात बसायचे.

खालून टोले आले. आठ. म्हणजे फ्लोरात सोळा माणसं. हॉरेसनं पाणी सोडलं. माझ्या पोटात ते थंडगार पाणी चढू लागलं, आणि मी नेहमीसारखी वाट बघू लागले त्या दुसऱ्या घंटेची, जी येणार नव्हती.

खाली काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. या लोकांना एक खोड आहे, मित्रांनो. जीव गेला तरी रांग मोडणार नाहीत, आणि आपला नंबर आला की तो दुसऱ्याला दिल्याशिवाय चैन पडणार नाही. सोळा माणसं फ्लोरात बसली, एनिडनं टोले दिले आणि ती नाचाची तिकिटं फाडायला खिडकीकडे वळली. तेवढ्यात चर्चच्या सहलीच्या चौदा म्हाताऱ्या काठ्या टेकत फलाटावर आल्या. त्यांना बघून दारातला एक गृहस्थ उठला. "या ना बाई, माझ्या जागी बसा."

"छे छे, तुम्ही आधी आलात."

"अहो, मी काय, पुढच्या फेरीनं येईन."

"असं कसं? तुमचा चहा चुकेल."

त्याच्या शेजारणीला बसून राहायची लाज वाटली, ती उठली. मग तिचा नवरा. मग समोरचा बाक. सोळाच्या सोळा माणसं खाली उतरली, दाराशी उभी राहिली आणि म्हाताऱ्यांना आत चला म्हणून विनवू लागली. म्हाताऱ्यांचं एकच पालुपद, आमच्यासाठी कुणी उतरायचं नाही. तीस माणसं फलाटावर एकमेकांना वाट देत उभी, आणि फ्लोरा रिकामी. एनिडची पाठ. दार उघडं.

वर हॉरेसनं ब्रेक ढिला केला.

पहिल्या हातभरातच मला कळलं की काहीतरी बिनसलंय. रोज मी निघते तेव्हा दोर जरा कुरकुरतो, खालून फ्लोराचं वजन मला मागे ओढतं, आणि त्या ओढीचाच मला आधार असतो. त्या दिवशी ओढच नव्हती. मी घसरले. अंधारात पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. पोरी खिदळल्या. त्यांना वाटलं ही मजाच आहे.

मग वेग वाढला, आणि खिदळणं थांबलं.

चाकं रुळांवर किंचाळायला लागली. वरून लाकूड जळल्याचा वास आला. हॉरेसनं ब्रेक ओढला होता, हे मला दोराच्या हिसक्यावरून कळलं. पण सोळा माणसांचं जास्तीचं वजन माझ्या पोटात पाणी होऊन बसलं होतं, आणि ठोकळे नुसते धुरावत होते. पाद्री आपल्या खुर्चीसकट पोरींच्या अंगावर पडला. "माफ करा," तो म्हणाला. पुन्हा पडला. "माफ करा." एक पोर आईला हाक मारत होती. हॅरल्ड मिजलीनं खिडकीची कडी धरली होती, त्याला खोकला आला होता आणि श्वास मिळत नव्हता. मी काय करणार? मला ना हात, ना ब्रेक. खाली सिमेंटची भिंत आहे, तिच्यावर नऊ माणसांसकट मी आपटणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी आयुष्यभर ज्याला घाबरले ते हेच होतं, आणि घाबरून काही उपयोग झाला नव्हता, असं मला त्या क्षणी वाटलं.

मध्यावर फ्लोरा आली. इतक्या वेगानं ती कधी आली नव्हती. तिचं दार उघडं होतं, आणि आत एकही माणूस नव्हता. बाकावर फक्त कुणाची तरी विणकामाची पिशवी होती. माझी पाचावर धारण बसली. माणसं कुठे गेली? पडली? मी तिला ओलांडून खाली गेले आणि ती रिकामीच वर गेली.

तेव्हा जेसी मिजली वाकली. मागावर सूत तुटलं की विणकरणीचं डोकं विचार करायच्या आधी तिचा हात माग बंद करतो. दहा उन्हाळे तिनं हॉरेसचं ते पुराण ऐकलं होतं, ते बंद होण्याआधी. ती गुडघ्यांवर पडली, बाकाखाली हात घातला आणि लाल कडं दोन्ही हातांनी ओढलं. ते गंजलेलं होतं, हललं नाही. तिनं भिंतीला पाय लावला आणि पुन्हा ओढलं.

माझं पोट मोकळं झालं. सगळं पाणी धबाबा कड्यावर सांडलं, बागेतल्या फुलांवरून, पायऱ्यांवरून, एका माणसाच्या कडक इस्त्रीच्या कोटावरून. मी हलकी होत गेले, तसा वरचा ब्रेक मला धरू लागला. चाकं किंचाळत राहिली, मग कण्हत राहिली, मग थांबली. सिमेंटच्या भिंतीपासून मी दोन हातांवर होते.

कुणी ओरडलं नाही. पोरी एकेक करून उतरल्या आणि एनिडला म्हणाल्या, "थँक्यू." सवयच ती. पाद्री खुर्चीची घडी नीट करत म्हणाला, "आज जरा वेगात होती, नाही?" आणि मग फलाटावर मटकन खाली बसला. जेसीची बोटं कड्याभोवती आवळली होती ती सुटेनात. एनिडनं आत येऊन ती एकेक करून उकलली. एनिडचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला होता.

हॉरेसचे तळहात सोलून निघाले होते. दांड्याला लोंबकळून त्यानं सगळं वजन टाकलं होतं. डॉक्टरनं विचारलं, "इतक्या झटकन ब्रेकपाशी पोचलास कसा?"

"मी कुठे पोचलो?" हॉरेस म्हणाला. "हात तिथेच होता."

रात्रीतून बातमी गावभर झाली. शुक्रवारी सकाळी इंजिनिअर आले, त्यांनी दोर तपासला, ब्रेकला नवे ठोकळे बसवले, मला वर आणून ठेवलं आणि गाडी ठणठणीत असल्याचा कागद दिला. साडेचार वाजता पुन्हा सुरू करायचं ठरलं. आणि सव्वाचारला लिव्हसीसाहेब एक रंगवलेली पाटी घेऊन वर आले. तसलीच एक खाली लावून आले होते.

पाटीवर लिहिलं होतं: 'धावत सुटलेली गाडी! हिंमत असेल तर बसा!'

हॉरेसनं ती दोनदा वाचली. त्याच्या हातांना पांढऱ्या पट्ट्या होत्या.

"खाली बघितलंस का?" साहेब खुशीत म्हणाले. "रांग पार होड्यांच्या तळ्यापर्यंत गेलीय. आपण इतकी पत्रकं छापली, आणि लोकांना हवी होती ती जराशी भीती. पैसे देऊन भितात लोक, पिकरिल."

"ती खोटी भीती, साहेब," हॉरेस म्हणाला. "खरी माझ्याकडे आहे. दुसरी घंटा?"

"घंटेचं समिती बघेल. सोमवारी."

"मग मी चाकही सोमवारीच फिरवीन."

साहेबांचा चेहरा उतरला. "हे बघ, काल तू बहाद्दरी केलीस, मान्य. म्हणून डोक्यावर बसायचं नाही. तू नाहीस तर दुसरा माणूस मिळेल. ज्याला भीती वाटत नाही असा. तोवर मी लोकांना सांगतो गाडी बिघडलीय."

"बिघडलेली नाही," हॉरेस म्हणाला. त्यानं ब्रेकची खीळ घातली आणि तो कठड्यापाशी गेला. खाली वाळूपर्यंत शांत उन्हाची दुपार होती, वारा पडलेला. रांगेत दीडशे तरी माणसं असतील. हा माणूस जन्मात कधी मोठ्यानं बोलला नव्हता. त्यानं घसा खाकरला आणि ओरडला, "एनिड, गाडी चांगली आहे. मला भीती वाटते म्हणून बंद ठेवलीय."

आमच्या मुलखात असं कुणी बोलत नाही, मित्रांनो. इथले पुरुष मोडलेला पायसुद्धा 'जरा ठणकतोय' म्हणून सांगतात. दीडशे माणसं मान वर करून बघत राहिली. कुणीतरी हसलं. हॉरेसचे कान लाल झाले, पण तो कठड्यापासून हलला नाही. आता सगळे हसतील आणि हा माणूस खचेल, या धास्तीनं माझ्या खिडक्या थरथरत होत्या.

रांगेतून हॅरल्ड मिजली बाहेर पडला. त्यानं टोपी नीट केली आणि पायऱ्यांकडे चालू लागला. जेसी त्याच्या मागे गेली. कठडा धरून तो पहिली पायरी चढला, मग दुसरी. दहाव्या पायरीला तो थांबला, छाती धरून उभा राहिला, आणि पुन्हा निघाला. रांग बघत होती. मग काल चहा चुकलेला तो दारातला गृहस्थ रांग सोडून त्याच्या मागे गेला. मग कागदी टोप्यांच्या पोरी. मग बाकीचे. कुणी घोषणा दिली नाही, कुणी पाटीकडे बोट दाखवलं नाही. अख्खी रांग वळली आणि जशी होती तशी, एकामागे एक, पायऱ्या चढू लागली. हॅरल्डला ओलांडून पुढे कुणीही गेलं नाही. तो थांबला की दीडशे माणसं थांबायची.

त्याला वर यायला चाळीस मिनिटं लागली. पाच वाजून गेले होते. तो आला आणि चाकाच्या खोलीबाहेरच्या बाकावर हॉरेसशेजारी बसला. बराच वेळ त्याला नुसता श्वासच घ्यायचा होता.

"कशाला चढलास रे बाबा?" हॉरेस म्हणाला. "छातीचं काही झालं असतं म्हणजे?"

"आमच्या खात्यात एक जण होता," हॅरल्ड म्हणाला. "यंत्राच्या पट्ट्याला जाळी नाही, मला भीती वाटते, असं म्हणायचा. आम्ही सगळे त्याला हसायचो. मीही. मग मुकादमानं त्याला काढलं आणि भीती न वाटणारा माणूस आणला."

"मग?"

"मग काय. तो आता डाव्या हातानं चहा पितो."

लिव्हसीसाहेब जवळच उभे होते. त्यांनी ते ऐकलं. कड्यावर जिकडेतिकडे माणसं बसली होती, धापा टाकत, घाम पुसत, चहाला मुकलेली. तक्रार एकाचीही नव्हती, आणि तेच त्यांना सोसेना. ते बाकापाशी आले. मग हॉरेसला म्हणाले, "दोनदा मोजा." आणि जरा थांबून त्यांनी विचारलं, "तुला नक्की कशाची भीती वाटत होती, पिकरिल?"

"तेच सांगायचं होतं, साहेब," हॉरेस म्हणाला, आणि त्यांना चाकाच्या खोलीत घेऊन गेला. ते तासाभरानं बाहेर आले. दोन्ही पाट्या त्याच संध्याकाळी निघाल्या.

हॉरेस त्यानंतर आणखी अकरा वर्षं चाकावर होता आणि शेवटच्या फेरीपर्यंत घाबरत होता. आता तो नाही, एनिड नाही, मिजली नाहीत. गिरण्याही बंद पडल्या. पाहुणे अजून येतात, पण निम्मे नुसते माझा फोटो काढतात. माझा रंग उडाला की दोन-दोन वर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. त्याचं मला फार वाटत नाही. पितळ घासलं नाही तरी चालेल. दोर मात्र रोज पुसा.

मी आजही प्रत्येक फेरीला जीव मुठीत धरून निघते. पण पूर्वी मला माझ्या भीतीची लाज वाटायची, ती आता वाटत नाही. मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, कामावर कुणीतरी असं असेल, जे मोठं झालं तरी भितं, दोनदा मोजतं, दार लावलं का ते पुन्हा जाऊन बघतं. त्याला हसू नका. त्याला बाजूला सारून धीटाला पुढे आणू नका. त्याच्यापाशी बसून कशाची भीती वाटते ते विचारा, पूर्ण ऐकून घ्या, आणि मग ब्रेक त्याच्याच हातात द्या.